वणवा शमल्यानंतर : घरी परतण्याचा पाठ

होळी उलटली की आपल्या डोंगरउतारांवरील पाचोळा वाळून कुरकुरीत होतो. काजूच्या बागांतून बोंडू गोळा करण्याची लगबग सुरू असते, आणि त्याच दिवसांत एखाद्या संध्याकाळी डोंगराच्या माथ्यावर आगीची वेडीवाकडी रेघ दिसू लागते. मार्च २०२३ मध्ये सत्तरी तालुक्यातील म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत लागलेले वणवे अनेकांच्या स्मरणात असतील. वन खाते, अग्निशामक दल आणि ग्रामस्थ यांच्या मदतीला नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे धावून आली व त्यांनी आकाशातून पाण्याचा मारा केला. जंगलाची हानी झाली, काजूच्या बागा होरपळल्या. परंतु गावेच्या गावे रिकामी करून लोकांना परमुलखी नेण्याची वेळ आपल्यावर आली नाही.

ज्यांच्यावर ती वेळ आली, त्यांचा अनुभव अभ्यासणे म्हणूनच अगत्याचे ठरते. आपत्तीविषयी लिहिताना आपण बहुधा आग कशी लागली, लोक कसे बाहेर पडले आणि आग कशी विझली, एवढ्यावर थांबतो. वास्तविक, लोक घरी परतू लागतात तेव्हा आपत्तीचा दुसरा अध्याय सुरू होतो. तो पहिल्याहून दीर्घ असतो, आणि त्याकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. या अध्यायाचा पाठ घालून देणारे एक शहर म्हणजे कॅनडातील फोर्ट मॅकमरे होय.

एका शहराचे निर्गमन

फोर्ट मॅकमरे हे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागात, अथाबास्का आणि क्लिअरवॉटर या नद्यांच्या संगमावर वसलेले शहर. भोवताली सूचिपर्णी वृक्षांचे अफाट अरण्य आणि त्या भूमीत तेलमिश्रित वाळूचे साठे. या तेलाच्या उद्योगामुळेच शहराची भरभराट झाली. शहरात येण्याजाण्याचा प्रमुख मार्ग मात्र एकच, महामार्ग क्रमांक ६३.

१ मे २०१६ रोजी शहराच्या नैर्ऋत्येस वणवा दिसला. ३ मे रोजी दुपारी तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले, हवेतील आर्द्रता अगदी कमी झाली, वाऱ्याने दिशा बदलली आणि आग वस्तीत शिरली. संध्याकाळपर्यंत संपूर्ण शहर रिकामे करण्याचा आदेश निघाला. सुमारे ८८,००० माणसे एकाच रस्त्याने, दोन्ही बाजूंना ज्वाळा दिसत असताना बाहेर पडली. रुग्णालयातील शंभरावर रुग्ण हलविण्यात आले. जे दक्षिणेकडे जाऊ शकले नाहीत, त्यांनी उत्तरेकडील तेल कामगारांच्या छावण्यांत आश्रय घेतला. नंतर पोलिसांच्या बंदोबस्तात मोटारींचे तांडे करून, तसेच विमानांनी, त्यांना दक्षिणेस आणण्यात आले. आगीने प्रत्यक्ष कोणाचाही बळी घेतला नाही. मात्र स्थलांतराच्या वेळी झालेल्या रस्त्यावरील अपघातात दोन जीव गेले.

सुमारे २,४०० घरे व इमारती भस्मसात झाल्या. शहराचा सुमारे ८५ ते ९० टक्के भाग वाचला. वणव्याखाली आलेले क्षेत्र अंदाजे ५,९०,००० हेक्टर, म्हणजे संपूर्ण गोवा राज्याच्या क्षेत्रफळाच्या दीडपटीहून अधिक होते. विमा कंपन्यांना भरावी लागलेली भरपाई साडेतीन अब्ज डॉलरांच्या वर गेली.

'केव्हा जाऊ देणार?' या प्रश्नाचे उत्तर

आश्रयस्थानात पहिली रात्र सरली की प्रत्येकाच्या ओठांवर एकच प्रश्न असतो : आम्हांला घरी केव्हा जाऊ देणार? हा प्रश्न ज्या अधिकाऱ्यासमोर येतो, त्याची मोठी परीक्षा असते. समोरच्याची तळमळ पाहून "दोन दिवसांत" असे सांगून टाकण्याचा मोह होतो. ते दोन दिवस टळले की लोकांचा विश्वास ढळतो, आणि मग खऱ्या सूचनेवरही कोणी भरवसा ठेवीत नाही. उलट, "काही सांगता येत नाही" एवढेच म्हणून गप्प बसल्यास ती पोकळी अफवांनी भरून निघते.

अल्बर्टाच्या शासनाने या दोहोंमधला मार्ग काढला. १६ मे रोजी वणवा पुन्हा भडकला व उत्तरेकडील छावण्यांतून हजारो कामगारांना हलवावे लागले. त्याच दिवशी धुराचे प्रमाण इतके वाढले की, १ ते १० या मापावर मोजला जाणारा हवेचा आरोग्य निर्देशांक ३८ वर गेला. अशा स्थितीत १८ मे रोजी परतीची योजना जाहीर झाली. तिच्यात १ जून ही तारीख होती. परंतु ती पाच अटींच्या अधीन होती. त्या अटी पुढीलप्रमाणे :

१) वणव्यापासून वस्तीला तात्काळ धोका उरलेला नसावा.
२) वीज, पाणी, गॅस, रस्ते इत्यादी यंत्रणा किमान सेवा देण्याइतपत दुरुस्त झालेली असावी.
३) अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस व वैद्यकीय सेवा किमान पातळीवर पुन्हा सुरू झालेल्या असाव्यात.
४) धोकादायक जागा कुंपण घालून बंद केलेल्या असाव्यात.
५) स्थानिक प्रशासन आपल्या जागी परत येऊन कामास लागलेले असावे.

या यादीतील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी सेवा, मग माणसे. ज्या गावात दवाखाना बंद आहे, नळाला पाणी नाही आणि पुन्हा आग लागली तर विझविणारे कोणी नाही, त्या गावात वृद्धांना व लेकरांना परत आणणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा संकटात लोटणे होय. लोकांना तारीख सांगावी, तिच्या अटीही सांगाव्यात, आणि त्यांपैकी किती पुऱ्या झाल्या हे वेळोवेळी कळवावे. मग दिरंगाई झाली तरी तिचे कारण लोकांना कळते. तेथील अग्निशमन प्रमुख डार्बी अ‍ॅलन हे चित्रफितीद्वारे नागरिकांशी साध्या शब्दांत बोलत आणि वाईट बातमीही लपवीत नसत. त्यामुळे ते लोकांच्या विश्वासास पात्र झाले. आपल्या घराची स्थिती दुरून पाहता यावी, यासाठी आकाशातून घेतलेली छायाचित्रेही उपलब्ध करून देण्यात आली. संदिग्धतेत झुरत राहण्यापेक्षा घर गेल्याची खात्री होणे बरे, असे म्हणणारी माणसेही असतात.

दरम्यानच्या काळात पोट थांबत नाही. म्हणून रेडक्रॉसने प्रत्येक प्रौढास ६०० व प्रत्येक मुलास ३०० डॉलर, तर प्रांतिक शासनाने प्रौढास १,२५० व अवलंबितास ५०० डॉलर थेट दिले. औषध, दूध, अंतर्वस्त्रे, प्रवासभाडे यांतले काय आधी हवे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. म्हणून हाती आलेल्या रोख रकमेचा उपयोग आलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगापेक्षा अधिक होतो.

उभे घर आणि राहण्याजोगे घर

१ जूनपासून चार दिवसांत विभागवार लोक परतले. सोबत दोन आठवडे पुरेल इतके अन्न, पिण्याचे पाणी व औषधे आणण्याची सूचना त्यांना देण्यात आली होती. नळाचे पाणी उकळूनच वापरावयाचे होते. रुग्णालय टप्प्याटप्प्याने सुरू होत होते. महिनाभर विजेविना बंद राहिलेल्या फ्रिजमधील अन्न सडले होते. ते फ्रिज न उघडता चिकटपट्टीने बंद करून दाराबाहेर ठेवा, असे सांगण्यात आले, आणि रस्त्यारस्त्यांवर अशा हजारो फ्रिजांच्या रांगा लागल्या.

बीकन हिल, अबासँड आणि वॉटरवेज या तीन वस्त्यांना सर्वाधिक झळ बसली होती. तेथे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. पाचशेहून अधिक निवासांना आगीचा स्पर्शही झाला नव्हता, तरी त्यांत राहण्यास मनाई करण्यात आली. शेजारच्या जळलेल्या घरांच्या राखेत आर्सेनिकसारखी विषारी द्रव्ये आढळली होती आणि ती राख अतिशय क्षारयुक्त होती. ही बातमी परतीच्या तारखेच्या अगदी तोंडावर आली. स्वतःचे घर डोळ्यांसमोर धडधाकट उभे, आणि त्यात पाऊल ठेवावयाचे नाही! या कुटुंबांना पुढे कित्येक आठवडे बाहेर काढावे लागले. त्यांचा संताप समजण्याजोगा होता. परंतु निर्णयामागील कारणही खोटे नव्हते.

लाकडाची राख आणि घराची राख यांत महदंतर आहे. चुलीतील राखेने आपण भांडी घासतो, ती झाडांच्या आळ्यात घालतो. परंतु घर जळते तेव्हा रंग, प्लास्टिक, विजेच्या तारा, बॅटऱ्या, कीटकनाशकांचे डबे आणि सिमेंटचे पत्रे हे सारेच जळते. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते व त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. म्हणूनच फोर्ट मॅकमरेत राख उडू नये यासाठी तिच्यावर चिकट द्रावण फवारण्यात आले आणि जळालेल्या घरांच्या मालकांना अंगभर संरक्षक पोशाख, मास्क व हातमोजे घालूनच आत सोडण्यात आले. स्वयंसेवक त्यांच्यासाठी चाळण्यांतून राख चाळीत. एखादी अंगठी, एखादी मातीची मूर्ती, एखादे पदक हाती लागे. मोल कवडीचे, परंतु संसाराची खूण म्हणून ते उराशी धरले जाई.

पाण्याविषयीचा धडा कॅलिफोर्नियातील पॅराडाइज या गावाने दिला. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे लागलेल्या वणव्यात ८५ माणसे दगावली आणि जवळजवळ सारे गाव बेचिराख झाले. नंतर तपासणीत नळाच्या पाण्यात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य आढळले. आगीत प्लास्टिकचे पाइप तापले व नळातील दाब नाहीसा होऊन दूषित हवा आत ओढली गेली, ही त्याची कारणे मानली जातात. पाणी उकळल्याने जंतू मरतात. बेंझीनचे मात्र तसे नाही. उकळताना ते वाफेबरोबर आपल्याच श्वासात येते. तेव्हा "पाणी उकळून प्या" हा सल्ला दरवेळी पुरेसा नसतो. पाणी तपासून घेतल्याचा अहवाल येईपर्यंत टँकरचे पाणी वापरणे हाच मार्ग होय.

उंबरठ्यावर घ्यावयाची काळजी

हे अनुभव ध्यानी घेऊन, वणव्यानंतर घरी परतणाऱ्या कुटुंबाने कोणता क्रम पाळावा हे पाहू.

प्रथम घरातील एक-दोन सुदृढ प्रौढांनीच, दिवसाउजेडी व परवानगी घेऊन जावे. मुले, गरोदर स्त्रिया, दम्याचे व हृदयविकाराचे रुग्ण यांना मागे ठेवावे. पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड तळव्याचे बूट, हातमोजे आणि एन-९५ प्रकारचा मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म राख अडवू शकत नाही.

अंगणात शिरण्यापूर्वी वर पाहावे. लोंबती वीजतार दिसल्यास दूर राहून वीज खात्यास कळवावे. बुंध्याशी जळलेले झाड वरून हिरवे दिसले तरी अवचित कोसळते. मग खाली पाहावे. वाळलेली मुळे जमिनीखाली कित्येक दिवस धुमसत राहतात, आणि वरून शांत दिसणाऱ्या राखेखाली निखाऱ्यांचा खड्डा असू शकतो. माणसाचा पाय त्यात गेला किंवा गुराचा खूर भाजला, असे होऊ शकते. फोर्ट मॅकमरेचा वणवा ५ जुलै २०१६ रोजी आटोक्यात आल्याचे जाहीर झाले; परंतु तो पूर्णतः विझल्याची घोषणा झाली ती २ ऑगस्ट २०१७ रोजी. मधला बर्फाळ हिवाळाही त्याला विझवू शकला नव्हता, ही गोष्ट विसरता कामा नये.

दार उघडताच गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटणही दाबू नये. बाहेर यावे, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात व जाणकारास बोलवावे. आगीत तापलेला सिलिंडर पुन्हा वापरू नये. छपराच्या कौलांखाली, माळ्यावर व वळचणीला ठिणगी दडली आहे काय ते पाहावे, आणि पहिले काही तास पुनःपुन्हा पाहत राहावे.

साफसफाईला हात घालण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, गोठ्याची व बागेची छायाचित्रे काढावीत आणि गेलेल्या वस्तूंची यादी करावी. तलाठ्याच्या पंचनाम्यास व विम्याच्या दाव्यास हाच आधार ठरतो. घाईने झाडलोट केलेले घर स्वच्छ दिसते, परंतु पुरावाही केराबरोबर जातो. खर्चाच्या पावत्या एका पिशवीत जपाव्यात.

राख कोरड्या झाडूने कधीही झाडू नये. पाण्याचा हलका शिडकावा करून, ओल्या फडक्याने ती टिपावी. ओली राख त्वचेस झोंबते, म्हणून हातमोजे काढू नयेत. उष्णता लागलेली औषधे, फुगलेले डबे व धूर बसलेले उघडे धान्य टाकून द्यावे. गुरांना राख पडलेला चारा घालू नये व त्यांचे खूर आणि सड तपासून घ्यावेत. विहिरीत राख पडली असल्यास पाणी तपासल्यावाचून पिऊ नये.

पहिला पाऊस

आपल्या मुलखाला लागू पडणारी आणखी एक गोष्ट आहे. डोंगरावरील गवत, झुडुपे व पालापाचोळा जळून गेला की माती उघडी पडते. तिला धरून ठेवणारे काही उरत नाही. कॅलिफोर्नियातील माँटेसिटो गावाच्या वरच्या डोंगरावर डिसेंबर २०१७ मध्ये मोठा वणवा लागला. ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे मुसळधार पाऊस झाला, आणि दगड-चिखलाचा लोंढा गावात उतरून २३ जण मृत्युमुखी पडले. आग लागली तेव्हा जे बचावले, त्यांतील काहींना पावसाने गाठले.

सह्याद्रीत मार्च-एप्रिलमधील वणवा आणि जूनमधील मृगाचा पाऊस यांत अवघे दोन-तीन महिन्यांचे अंतर असते. जळलेल्या उताराच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यांनी हा अवधी वाया घालवू नये. ओहोळ व गटारे मोकळी करावीत, उतारावर आडवे दगडी बांध घालावेत, विहिरीभोवती कठडा उंच करावा, आणि पहिल्या मोठ्या पावसात रात्री सावध राहावे.

मनाची पडझड

घराच्या भिंती दिसतात, म्हणून त्यांची मोजदाद होते. मनाची पडझड दिसत नाही. घर गेलेल्याचे दुःख सर्वांना कळते. परंतु ज्याचे घर वाचले, तोही शेजाऱ्याच्या रिकाम्या चौथऱ्याकडे पाहून अपराधी होतो व आपले दुःख बोलून दाखवावयास संकोचतो. सुरुवातीच्या दिवसांत मदतीचा ओघ असतो, माणसे एकमेकांना धरून असतात. पुढे कागदपत्रांचे हेलपाटे सुरू होतात, पाहुणे निघून जातात, आणि खरा थकवा त्यानंतर येतो.

फोर्ट मॅकमरेतील शाळा त्या शैक्षणिक वर्षात पुन्हा उघडल्या नाहीत. त्या सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाल्या. वणव्यानंतर सुमारे दीड वर्षाने संशोधकांनी तेथील सातवी ते बारावीच्या सुमारे ३,००० विद्यार्थ्यांची पाहणी केली. नैराश्याची लक्षणे ३१ टक्के विद्यार्थ्यांत आढळली; वणवा न पाहिलेल्या रेड डिअर या त्याच प्रांतातील शहरात हे प्रमाण १७ टक्के होते. दीड वर्ष म्हणजे वृत्तपत्रांच्या लेखी विषय केव्हाच संपलेला असतो. मुलांच्या लेखी तो संपलेला नसतो.

येथे शिक्षकाचे स्थान मोठे आहे. वर्गात धुराच्या वासाने दचकणारे मूल, अकस्मात अबोल झालेली मुलगी, अभ्यासात मागे पडलेला हुशार विद्यार्थी यांना शिक्षेची गरज नसते. शाळेची घंटा वेळेवर वाजणे, प्रार्थना, खेळ आणि डबा यांचा नेहमीचा क्रम पुन्हा सुरू होणे, हेच मुलांसाठी पहिले औषध होय. ज्यांना एवढ्याने उतार पडत नाही, त्यांना आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये.

पुन्हा बांधताना

जळालेले सारे पूर्वीसारखे उभे करावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु पूर्वीसारखे बांधणे म्हणजे पूर्वीचा धोकाही पुन्हा बांधणे. वस्तीतील पुष्कळ घरे पेटतात ती ज्वाळांनी नव्हे, तर वाऱ्याबरोबर उडालेल्या ठिणग्यांनी. घराभोवती पाचोळा, सरपण, गवताची गंजी व ज्वलनशील कचरा नसेल, तर तीच ठिणगी पडून विझून जाते. घराभोवतीचा निदान दहा मीटरचा पट्टा उन्हाळ्यापूर्वी स्वच्छ ठेवावा, छपरावरील व पन्हळीतील पाने काढावीत, आणि सरपण घराला टेकून रचू नये. याला पैसा फारसा लागत नाही. श्रम व एकी मात्र लागते, कारण एकट्याचे अंगण स्वच्छ ठेवून वाडा वाचत नाही.

फोर्ट मॅकमरेची परीक्षा पुन्हा झाली. एप्रिल २०२० मध्ये नदीतील बर्फ अडून पूर आला व सुमारे १३,००० जणांना घरे सोडावी लागली. १४ मे २०२४ रोजी वणवा पुन्हा जवळ आला आणि बीकन हिल, अबासँड यांसह काही वस्त्यांतील हजारो माणसांना बाहेर काढण्यात आले. या वेळी संपूर्ण शहर हलविण्याची पाळी आली नाही. पाऊस व गारवा साहाय्यास आला, आणि १८ मे रोजी ती माणसे आपापल्या घरी परतली.

आपण काय करावे

ग्रामस्थांनी महत्त्वाची कागदपत्रे, औषधांची चिठ्ठी व घरातील वस्तूंची छायाचित्रे आजच एका ठिकाणी ठेवावीत. परतीची अर्धी तयारी निघण्यापूर्वीच होत असते. पंचायतीने कोणत्या घरात वृद्ध, अपंग वा आजारी व्यक्ती आहेत आणि कोणाकडे किती गुरे आहेत, याची यादी उन्हाळ्यापूर्वी तयार करावी. अधिकाऱ्यांनी परतीच्या अटी लेखी ठरवून त्या मराठी-कोंकणीत, साध्या शब्दांत लोकांपुढे मांडाव्यात. शिक्षकांनी हा पाठ वर्गात चर्चेसाठी घ्यावा. त्यासाठी पुढील प्रश्न उपयोगी पडतील.

१) घर जळलेले नसतानाही त्यात राहण्यास मनाई का करावी लागते?
२) चुलीतील राख व जळलेल्या घराची राख यांत कोणता फरक आहे?
३) आपल्या वाड्यावर वणवा आल्यास बाहेर पडण्याचे मार्ग किती? त्यांतील एक बंद झाल्यास काय कराल?
४) घरी परतण्याच्या पाच अटींपैकी आपल्या गावात कोणती पुरी करणे सर्वांत कठीण जाईल? ती सोपी करण्यासाठी आजच काय करता येईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते प्रत्येक गावाने आपल्या ग्रामसभेत, उन्हाळा लागण्यापूर्वी शोधावयाचे आहे.